तायक्वांदोच्या क्लासला मुलाला घालण्याआधी

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि बाहेर बेळगावचा पाऊस लागून राहिला होता. मावशीचा फोन आला. "अगं, काय करालीस? धाकट्याला कराट्याला घालायचं म्हणतेय मी. तू ते शिकवतेस की! जरा सांग बघू, काय काय बघायचं असतं ते."

मी शिकवत नाही. आठ वर्षं शिकतेय, आणि गेली दोन वर्षं संध्याकाळच्या लहान मुलांच्या बॅचला आमच्या सरांना मदत करते. आणि शिकते ते कराटे नव्हे, तायक्वांदो. पण मावशीचा प्रश्न मला नवीन नव्हता. दर जूनला आणि दर एप्रिलच्या सुट्टीत नवे आईवडील आमच्या हॉलच्या दाराशी येतात, चपला काढाव्यात की नाही या विचारात जरा थांबतात, आणि पहिला प्रश्न विचारतात, "ब्लॅक बेल्ट किती दिवसांत मिळतो?"

मावशीने हा प्रश्न एकदा विचारून झाला होता. दोन वर्षांपूर्वी तिने मोठ्याला एका क्लासला घातलं होतं. तिथे सांगितलं गेलं, दीड वर्षात ब्लॅक बेल्ट, गॅरंटी. वर्षाची फी एकदम भरली तर सवलत. काकांनी बोनसमधून फी भरली. तिसऱ्या महिन्यात मोठा जायचा बंद झाला. का, ते सांगेना. तिथल्या सरांनी सगळ्यांसमोर त्याला "ए ढोल्या" म्हणून हाक मारली होती, हे घरी कळायला आणखी दोन महिने गेले. फी परत मिळाली नाही. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे तो मुलगा त्यानंतर कुठल्याच मैदानावर उतरला नाही. गल्लीतल्या क्रिकेटलाही नाही.

म्हणून हा लेख. मावशीला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडते. आपल्यापैकी बहुतेक जण अजून कुणाचे आईबाप नाहीत, पण धाकटी भावंडं, भाचरं, शेजारची पोरं आहेत. आणि घरात "तू कॉलेजला जातेस, तुला माहीत असणार" म्हणून विचारणा शेवटी आपल्यालाच होते.

आधी नाव नीट घेऊ

आपल्याकडे पांढरे कपडे घालून लाथ मारली की ते कराटे. पण कराटे जपानच्या ओकिनावा बेटांवरून आलं, तायक्वांदो कोरियातून. 'तै' म्हणजे पाय, 'क्वॉन' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. हातापायाने लढण्याचा मार्ग, असा साधा अर्थ. कराटेत हाताचं काम जास्त दिसतं, तायक्वांदोत पायाचं.

हे नाव फार जुनं नाही. 1910 ते 1945 कोरियावर जपानचं राज्य होतं. स्वातंत्र्यानंतर सोल शहरात वेगवेगळ्या गुरूंच्या शाळा निघाल्या. त्यातले बरेच गुरू जपानमध्ये कराटे शिकून आलेले, शिवाय कोरियाचा स्वतःचा तैक्क्योन नावाचा पायांचा जुना खेळही होता. या सगळ्यांना मिळून एक नाव द्यायचं 1955 मध्ये ठरलं, आणि ते 'तायक्वांदो'.

पुढे दोन वाटा झाल्या, आणि नव्या घरांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. 1966 मध्ये जनरल चोई होंग ही यांनी आयटीएफ ही आंतरराष्ट्रीय संघटना काढली. 1972 मध्ये सोलमध्ये कुक्कीवॉन हे मुख्य केंद्र उघडलं आणि 1973 मध्ये दुसरी जागतिक संघटना उभी राहिली. तिलाच आज वर्ल्ड तायक्वांदो म्हणतात. ऑलिंपिकमध्ये दिसतो तो या दुसऱ्या वाटेचा खेळ. 1988 ला सोलमध्ये आणि 1992 ला बार्सिलोनात तो प्रदर्शनापुरता होता, 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून त्याला पदकं मिळू लागली.

दोन्हीकडे चांगले शिक्षक आहेत. एक खरा, दुसरा खोटा असं काही नाही. पण दोन्हींचे नियम, स्पर्धा आणि सर्टिफिकेटं वेगळी. म्हणून क्लासला विचारा, "तुम्ही कुठल्या संघटनेचं शिकवता? ब्लॅक बेल्टचं सर्टिफिकेट कोण देणार?" प्रश्न साधा आहे. त्याचं उत्तर सरळ आलं पाहिजे. भारतात तर राष्ट्रीय पातळीवरच्या संघटनांमध्येही मान्यतेवरून बरीच वर्षं वाद चालत आलेत. तेव्हा "आमचं सर्टिफिकेट सगळीकडे चालतं" एवढ्यावर समाधान मानू नका. मुलाला शालेय स्पर्धांत खेळायचं असेल, तर तुमच्या जिल्ह्यात त्या स्पर्धांना या क्लासची मुलं जातात का, हेही विचारून घ्या.

पैसे भरण्याआधी एक तास बसून बघा

मावशीला मी सांगितलं, जाहिरात बघू नको, भिंतीवरच्या ट्रॉफ्या बघू नको. मुलाला घेऊन जा, एक अख्खा तास कोपऱ्यात बस आणि बघ. आईवडिलांना बसू देतच नाहीत, असा क्लास असेल तर तिथूनच परत ये.

काय बघायचं? पहिली गोष्ट, जमीन. खाली मॅट आहे का, आणि ती नीट जोडलेली आहे का? फटीत पायाचं बोट अडकलं की ते मुरगळतंच. पावसाळ्यात हॉल गळत असेल तर ओल्या फरशीवर लाथा मारायला लावतात का, तेही बघा.

दुसरी, मुलं किती आणि बघणारे किती. तीस-पस्तीस मुलांना एकच सर असतील आणि मदतीला मोठं कुणी नसेल, तर तुमच्या मुलाचा पाय चुकीचा वळतोय हे कुणाच्या लक्षात येणार नाही. सहा वर्षांची पोरं आणि सोळा वर्षांचे दादा एकमेकांशी लढत असतील तर ते मुळीच बरं नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बॅचमधल्या सगळ्यात कच्च्या मुलाकडे बघा. जो जाड आहे, जो अडखळतो, ज्याचा डावा-उजवा गोंधळ होतो, त्याच्याशी सर कसे बोलतात? चूक दाखवताना त्याच्या जवळ जातात की लांबून ओरडतात? बाकीची पोरं त्याला हसली तर सर काय करतात? चांगल्या पोराशी सगळेच चांगलं वागतात. क्लासचा खरा स्वभाव कळतो तो या पोराकडे बघून. मावशीच्या मोठ्याच्या वेळी कुणी एक तास बसून बघितलं असतं, तर वर्षाची फी आणि त्याची हौस, दोन्ही वाचलं असतं.

चौथी गोष्ट बोलायला अवघड, पण बोललीच पाहिजे. शिकवताना सरांना मुलाचा हात, खांदा, पाय धरून दाखवावा लागतो. पण तो सगळ्यांसमोर, उजेडात, आणि मुलाला सांगून. कपडे बदलायला मुलामुलींना वेगळी जागा हवी. एकट्या मुलाला "जादा प्रॅक्टिस" म्हणून बंद खोलीत बोलावणं, रात्री खासगी मेसेज करणं, स्पर्धेच्या गावी मुलींसोबत एकही बाई नसणं, हे काहीही खपवून घेऊ नका. सर कितीही मोठे असोत. घरी मुलाला आधीच सांगून ठेवा की क्लासमधली कुठलीही गोष्ट आमच्यापासून लपवायची नसते. गरज पडली तर 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा फोन नंबर आहे, आणि पोक्सो हा 2012 चा कायदा मुलांच्या बाजूने आहे.

खर्च सगळा आधी विचारा

महिन्याची फी हा खर्चाचा पहिला भाग झाला. त्यानंतर दोबोक, म्हणजे तो पांढरा ड्रेस. मग बेल्ट टेस्टची फी, ती दर वेळी वेगळी आणि वरच्या बेल्टला वाढत जाते. मग सर्टिफिकेट. क्योरुगी, म्हणजे समोरासमोरची लढत, सुरू झाली की छातीचं गार्ड, हेल्मेट, हातापायाची गार्ड, दातांचं गार्ड, जांघेचं गार्ड. शेवटी स्पर्धेची प्रवेश फी आणि जाण्यायेण्याचा खर्च.

हे सगळं चूक नाही. सरांनाही हॉलचं भाडं असतं, घर असतं. पण ते आधी कळायला हवं. एका कागदावर लिहून मागा. टेस्टला बसणं सक्तीचं आहे का, स्पर्धेला जाणं सक्तीचं आहे का, मध्येच सोडलं तर किती फी परत, हे तिन्ही प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. पहिले तीन महिने महिन्याची फी महिन्याला भरा, सवलत गेली तरी चालेल. दोबोक घेताना वाढत्या अंगाचा घ्या, पण पायात अडकेल इतका लांब नको. गार्ड पहिल्या दिवशी लागत नाहीत. वरच्या वर्गातली मुलं मोठी झाली की त्यांची चांगली गार्ड अर्ध्या किमतीत मिळतात. दातांचं आणि जांघेचं मात्र स्वतःचंच घ्या.

वाकणं, मोजणं, ओरडणं

पहिल्या आठवड्यात मूल घरी येऊन "हाना, दुल, सेत, नेत" म्हणायला लागेल. घाबरू नका, ते कोरियन एक-दोन-तीन-चार आहे. 'चार्योत' म्हटलं की सावधान, 'शिजाक' म्हटलं की सुरू. ताकद लावताना पोटातून जी आरोळी येते ती 'किहाप'. आजीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुपारच्या झोपेत ती दचकून उठेल.

आमच्या बॅचमध्ये मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी आणि कोकणी बोलणारी मुलं आहेत. आकडे मोजायची वेळ आली की सगळ्यांची भाषा कोरियन, आणि ती सगळ्यांनाच सारखीच परकी. आपल्या गावात भाषेवरून काय काय होतं ते आपण जाणतो. पण हॉलमध्ये सातवीतली कन्नड शाळेतली मुलगी मराठी शाळेतल्या पोराचा पाय धरून सरळ करते, आणि दोघं मिळून "यादल, आहोप" करत मोजतात, तेव्हा मला बरं वाटतं.

एक प्रश्न मात्र घराघरांतून येतो. हॉलमध्ये शिरताना, सरांसमोर, जोडीदारासमोर मुलं कमरेत वाकतात. ही पूजा आहे का? आमच्याकडे हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, जैन अशा सगळ्या घरांतली मुलं येतात, आणि हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांनीच कधी ना कधी विचारलाय. कोरियात माणसं भेटली की वाकूनच नमस्कार करतात, दुकानदारसुद्धा. हा तोच नमस्कार. यात देव नाही. आपल्याकडच्या तालमीत सलामी झडल्याशिवाय कुस्ती लागत नाही. 'मी तुझ्याशी लढणार आहे, पण तुझा शत्रू नाही' एवढंच त्यात म्हणायचं असतं. तरी मनाला पटत नसेल तर सरांशी बोला. समंजस सर त्यावर वाट काढतात, आणि यावरून चिडणारे सर तुम्हाला त्यांचा स्वभाव सांगून टाकतात.

बेल्टचं गणित

आता तो पहिला प्रश्न. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल, काळा, असा साधारण क्रम. मध्ये अर्ध्या रंगाचे किंवा पट्टीचे टप्पे असतात, ते क्लासप्रमाणे बदलतात. या खालच्या टप्प्यांना 'गुप' म्हणतात आणि ते उलटे मोजतात, म्हणजे दहापासून एकाकडे. कुक्कीवॉनच्या वाटेने जाणाऱ्या क्लासमध्ये रंगीत बेल्टच्या मुलांना 'तैगुक' नावाचे आठ पूम्से शिकावे लागतात. पूम्से म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, समोर शत्रू आहे असं समजून.

बऱ्याच क्लासमध्ये तीन महिन्यांनी एक टेस्ट असते. आठ-दहा टप्पे धरा, परीक्षेचे दिवस, तापाचे दिवस, गणपतीचे आणि नाताळचे दिवस धरा. आठवड्याला दोन-तीन दिवस येणाऱ्या मुलाला तीन-चार वर्षं सहज लागतात. मला पाच लागली. दीड वर्षाची गॅरंटी देणारा माणूस तुम्हाला शिक्षण विकत नाही, काळं कापड विकतो.

आणखी एक. कुक्कीवॉनच्या नियमाप्रमाणे पंधरा वर्षांखालच्या मुलाला 'दान' मिळत नाही, 'पूम' मिळतो, आणि त्याचा बेल्ट अर्धा लाल, अर्धा काळा असतो. तेव्हा आठ वर्षांचं मूल पूर्ण काळा बेल्ट बांधून 'दान' म्हणवत असेल तर कुठल्या नियमाने, ते विचारा. पहिल्या दानावरून दुसऱ्याला जायला कमीत कमी एक वर्ष, दुसऱ्यावरून तिसऱ्याला दोन वर्षं थांबावं लागतं. पूम आणि दानची सर्टिफिकेटं कुक्कीवॉनच्या संकेतस्थळावर पडताळून बघता येतात. सरांचंही बघता येतं, आणि चांगल्या सरांना त्याचा राग येत नाही.

लागणार, पण किती?

"लागणार नाही ना?" हा आयांचा प्रश्न. खोटं कशाला सांगू? लागतं. नडगीला नडगी आपटते, बोट मुरगळतं, मांडी भरून येते. पण पहिल्या महिन्यात कुणी कुणाला मारत नाही. आधी ताणाचे व्यायाम, उभं राहणं, हवेत लाथ, मग पॅडवर लाथ. गार्ड घालून लढत त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. पहिल्याच आठवड्यात मुलांना एकमेकांवर सोडत असतील तर मूल काढून घ्या.

ऑलिंपिकच्या नियमात चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही, कमरेखाली मारता येत नाही. छातीच्या गार्डवर ठोसा बसला तर 1 गुण, लाथेला 2, डोक्याला लाथ लागली तर 3, आणि गिरकी घेऊन मारली तर त्याहून जास्त. डोक्याला गुण जास्त असल्यामुळे मुलं तिकडे वळतात, म्हणून लहान मुलांना डोक्यावर लाथ मारू देता का आणि कुठल्या वयापासून, हे सरांना विचारा. डोक्याला मार बसून मूल गरगरलं, उलटी झाली, गोंधळून बोलायला लागलं, तर त्या दिवशीचा खेळ तिथेच संपला. "चल, मर्द हो" म्हणायची ती वेळ नाही. आधी डॉक्टर.

दमा, फिट, हृदयाचा त्रास, जुना मोडलेला हात, काहीही असेल तर प्रवेशाच्या वेळीच सांगा. त्यामुळे प्रवेश नाकारला जाईल असं वाटून बऱ्याच जणी लपवतात. उलट सांगितलं तर सर व्यायाम बदलून देऊ शकतात. हात अधू असलेल्या मुलांनाही या खेळात जागा आहे. 2021 मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये तायक्वांदो पहिल्यांदा आला, आणि हरयाणाची अरुणा तंवर त्यात भारताकडून उतरली.

घरच्यांचं काम

क्लासला पोचवलं, फी भरली, की आपलं काम संपलं असं नाही. आणि आपलं काम शिकवणं हेही नाही. बाकावरून "पाय वर घे, वर घे!" ओरडणारे बाबा आम्हाला दर बॅचला भेटतात. मूल एकदा सरांकडे बघतं, एकदा बाबांकडे, आणि पाय कुठेच जात नाही.

वेळेवर आणा. जेवण दोन तास आधी द्या. नखं कापा. मुलीचे केस साध्या रबराने बांधा, टोकदार पिना नकोत. कानातलं, साखळी, घड्याळ घरी ठेवा. घरी आल्यावर "जिंकलास का?" विचारण्याऐवजी "आज काय शिकलास, दाखव बघू" म्हणा. मग समोर उभं राहून बघा, मोबाईल खाली ठेवून.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेक मुलं "मला नाही जायचं" म्हणतात. नव्याची नवलाई संपलेली असते आणि तीच लाथ शंभर वेळा मारावी लागते. अशा वेळी लगेच काढू नका आणि ओढतही नेऊ नका. नुसता कंटाळा आहे की भीती आहे, ते शोधा. कंटाळा असेल तर "पुढच्या टेस्टपर्यंत जाऊ, मग ठरवू" असं सांगून बघा. भीती असेल तर कोणाची, ते शांतपणे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मावशीच्या घरी हाच एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

मावशीने त्या जूनमध्ये तीन क्लास बघितले. दोन ठिकाणी तासभर बसली, तिसऱ्या ठिकाणी बसू दिलं नाही. घराजवळचा एक साधा क्लास निवडला. हॉल शाळेचा, ट्रॉफ्या चारच.

डिसेंबरात धाकट्याची पिवळ्या बेल्टची टेस्ट झाली. तो मध्येच क्रम विसरला आणि तसाच उभा राहिला. बेल्ट मिळाला नाही. रात्री मावशीचा फोन. "सर म्हणाले, अजून तयार नाही, मार्चमध्ये बघू. आता काय करू गं, काढू काय त्याला?"

मी विचारलं, "तो काय म्हणतोय?"

"तो काय म्हणणार! मार्चमध्ये बघू म्हणतोय, सरांसारखंच."

"मग झालं की, मावशी."

मार्चमध्ये त्याला पिवळा बेल्ट मिळाला. त्याला क्लासला सोडायला आता मोठा जातो, सायकलवरून डबल सीट. सुरुवातीला तो दाराबाहेर सायकलवर बसूनच मोबाईल बघायचा. पावसामुळे एक दिवस आत आला आणि बाकावर बसला. सरांनी त्याला नावाने हाक मारली, बस म्हणाले, दुसरं काही विचारलं नाही. परवा मी सहज तिकडे गेले होते. तो अजून बाकावरच बसतो. पण चपला दाराशी काढून बसतो.